मदत हवी आहे : बोटीतील गादीखालची ओल कशी थांबवावी?

माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान यंदाचा हिवाळा इंग्लंडमधील एका कालव्यावर पोलादी नॅरोबोटीत (कालव्यात चालणाऱ्या लांब, अरुंद बोटीत) काढत असून, थंड पत्र्यावर श्वासाची व स्वयंपाकाची वाफ साकळून त्यांच्या गादीची खालची बाजू रोज ओली होते. भांड्यांवर झाकण ठेवणे, पत्रा पुसणे, गादी दिवसा उभी करणे हे सर्व करून झाले आहे. लाकूड जाळायची शेगडी असल्यामुळे हवेचे झरोके बंद करता येणार नाहीत. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणारे यंत्र असले तरी झरोके बंद करण्याचा उपाय कृपया सुचवू नये. काठावर वीजजोडणी नाही, त्यामुळे ओल शोषणारे विजेचे यंत्रही चालणार नाही. लातूरहून जाड गोधड्या पाठवण्याचा आमचा विचार आहे, परंतु सुती कापड ओल धरून ठेवील, ही काळजी वाटते. गादीखाली फटी सोडून लाकडी पट्ट्या बसवणे पुरेसे ठरेल, की पत्र्याला आतून उष्णतारोधक अस्तरही लावावे लागेल?