लेडव्हिलला छोटं विमान उतरवणं खरंच अवघड?

उडाणटप्पू: कोलोरॅडोतलं लेडव्हिल, 9,934 फूट, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात उंच पब्लिक एअरपोर्ट. रनवे तर 6,400 फूट आहे, मग लोक घाबरवतात कशाला?

ढगोबा: उतरशील रे, निघताना कळेल. दुपारी 25 अंश झाले की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला भासणारी उंची, साडेतेरा हजार फुटांच्या आसपास जाते, इंजिनाला हवा पुरत नाही, पंखांनाही नाही, रनवे संपत आला तरी चाकं जमिनीलाच. सकाळी लवकर निघ, आणि टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारं यंत्र) नसेल तर मिक्श्चर लीन कर, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी सोड.

वारा_काकू: उतरताना काट्यावरचा स्पीड नेहमीचाच ठेवायचा हं, जमीन भराभर पळताना दिसते म्हणून कमी करायचा नाही, स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाते.

उडाणटप्पू: आणि हेलिकॉप्टरवाले तिथे कशाला येतात?

ढगोबा: टेस्टिंगला! विरळ हवेत मशीनचा दम बघतात.