मदत हवी आहे: ओएई (आतल्या कानाची तपासणी) येते, बेरा (ऐकण्याच्या नसेची तपासणी) सपाट. कानाची नस पुन्हा काम करू लागते का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाचं (वय ३८) ७ आठवड्यांपूर्वी उजव्या बाजूच्या अकॉस्टिक न्यूरोमाचं (कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरच्या गाठीचं) ऑपरेशन झालं. गाठ कर्करोगाची नव्हती, पूर्ण निघाली, चेहराही वाकडा झाला नाही. पण ज्या कानाला तो फोन लावायचा, त्या कानाने आता काहीच ऐकू येत नाही.

तोलाची नस गाठीसोबत कापावीच लागली, गाठ तिच्याच आवरणातून वाढलेली होती. ती परत जुळत नाही, पण मेंदू दुसऱ्या कानावर काम भागवायला शिकतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पहिले ४ दिवस त्याची बुबुळं आपोआप हलत होती, पलंगाचा कठडा सोडवत नव्हता. आता अंधारातला जिना सोडला तर एकटा चालतो. चक्करच्या गोळ्या डॉक्टरांनी लवकर बंद केल्या. त्या लांबल्या तर मेंदूचं हे शिकणं मंदावतं म्हणे.

प्रश्न ऐकण्याच्या नसेचा आहे. ती अखंड ठेवली आहे, असं सर्जन म्हणाले. बेरा तपासणीत (आवाज ऐकवून नसेतून मेंदूकडे जाणाऱ्या विजेच्या लहरी टिपतात) उजवीकडे एकही लहर नाही, पण ओएईला प्रतिसाद आला! म्हणजे कॉक्लियातल्या (आतल्या कानाच्या शंखासारख्या भागातल्या) आवाजाला प्रतिसाद देणाऱ्या बाहेरच्या केशपेशी जिवंत आहेत, तिथे रक्त पोचतंय. माणसात या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून मी त्या एका कागदाला धरून बसले आहे.

मला कळलं ते असं: ताण बसून तंतूंवरचं मायलिनचं वेष्टणच दुखावलं असेल, तर संदेश अडतो, पण काही आठवड्या-महिन्यांत पुन्हा जाऊ लागण्याची आशा असते. तंतूच आतून तुटले असतील, तर मेंदूलगतच्या भागात ते पुन्हा वाढत नाहीत. आणि बाहेरून पाहिलं तर नस दोन्ही वेळा अखंडच दिसते.

असा रिपोर्ट असताना कोणाच्या घरी ऐकणं परत आलंय का? किती दिवसांनी? बेरा पुन्हा कधी केलीत? कॉक्लियर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) सुचवलं आहे, पण त्यालाही हीच नस लागते. ती वीज देऊन आधी तपासतात, ती तपासणी कोणी करून घेतली आहे का?

पुढची भेट २० दिवसांनी आहे. तिथे काय विचारावं, तेही सांगा. उजवीकडून हाक मारली की तो अजून डावीकडे वळून बघतो.