रशियन भूदासांवरचा चित्रपट: मराठी सबटायटल्स

रविवारी नौपाड्यात, ठाण्याला दाखवायचाय. नायक-नायिका भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी आहेत. 'गुलाम' लिहू का? लग्न नेमकं कशामुळे अडतं? नायकाच्या कपाळावरचे केस भादरतात तो प्रसंग कसला? तिथे आणि लग्नात सबटायटलची ओळ कधी आणू?

उत्तर: 'गुलाम' नको, 'भूदास'च ठेवा. 'वेठबिगार'ही अपुरा, काही जण वेठीऐवजी रोख खंड भरत. लग्नाला जमीनदाराची परवानगी लागे, मुलगी दुसऱ्या जहागिरीत द्यायची तर मोबदलाही.

उत्तर: कपाळावरचे केस भादरतात ती सैन्यभरती. नोकरी आधी जन्मभर, १७९३पासून २५ वर्षं. म्हणजे कायमची ताटातूटच! तिथे ओळ आधी झळकली की प्रसंग वाया जातो. वस्तरा टेकल्यावरच आणा. लग्नात नायिकेच्या एका वेणीच्या दोन होतात, तेव्हा ओळ न टाकता पडदा मोकळा सोडा.

प्रश्नकर्ता: भूदासांची मुक्ती १८६१ची ना?

उत्तर: हो, पण मिळालेल्या जमिनीच्या किमतीचे हप्ते मागे लागलेच.