मोबाइलवरची मिस्सा आता बंद करायची का?

वाडीवाला_वसई
परवा आमच्या धर्मग्राम परिषदेत (चर्चच्या लोकांच्या प्रतिनिधींची बैठक) वाद झाला, तो अजून डोक्यातून जात नाही म्हणून इथे मांडतो. रविवारच्या मिस्साचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण चालू ठेवायचं की थांबवायचं, एवढाच प्रश्न होता. मी थांबवा म्हटलं. नंतर चहाला माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

मार्च २०२० मध्ये चर्चला कुलूप लागलं तेव्हा दुसरा इलाजच नव्हता, हे मला मान्य आहे. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार, १२ ला ईस्टर. आम्ही स्टुलावर मोबाइल टेकवून, शेजारी मेणबत्ती लावून बसलो होतो. त्याआधी २७ मार्चला पोप फ्रान्सिस भर पावसात सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात एकटे उभे राहिले, ते बघून माझे वडील रडले. मी त्यांना तोवर रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा त्या मोबाइलचे उपकार आहेतच.

पण पुढे? आपल्याकडे देवळं-चर्चेस १६ नोव्हेंबर २०२० ला पाडव्याच्या दिवशी उघडली, दुसऱ्या लाटेत परत बंद झाली, ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेला पुन्हा उघडली. आज कसलंही बंधन नाही. तरी सातच्या मिस्साला मागची बाकं मोकळीच. ती सगळी माणसं आजारी नाहीत. चपात्या लाटता लाटता मिस्सा 'लावतात'. रेडिओ लावावा तशी!

आणि खरं सांगू का, टाळेबंदीत आमचा धर्मग्राम प्रक्षेपणाने जगवला नाही, वाडीवाडीतल्या समूहांनी जगवला. समूहाच्या ताईंच्या वहीत सगळं होतं: कोण म्हातारं एकटं, कुणाचा पगार थांबला, कुणाच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. फुलं दादरला जात नव्हती, मोगरा झाडावरच वाळला. पण ज्यांच्याकडे केळी होती त्यांनी केळी दिली, ज्यांच्याकडे वाल होते त्यांनी वाल. चर्चच्या हॉलमधून शिधा गेला तो नाक्यावर अडकलेल्या बांधकाम मजुरांनाही, ते कुठल्या धर्माचे हे कुणी विचारलं नाही. साथ ओसरली तसे समूह थंडावले, वही कपाटात गेली, आणि आपण टिकवलं काय, तर कॅमेरा.

सून_मर्सेस
आधी ते चपात्यांचं वाक्य मागे घ्या. सातच्या मिस्साला पुढच्या बाकावर जी पुरुषमंडळी इस्त्रीचा सदरा घालून बसतात ना, त्यांचा नाश्ता घरी कुणीतरी करत असतं.

आता माझं ऐका. सासूबाईंना पक्षाघात होऊन चार वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. रविवारी पहाटे त्या मला खुणेने उठवतात. धुतलेलं लाल लुगडं नेसवायचं, केस विंचरायचे, मगच मोबाइल लावायचा (हो, 'लावायचा'). मिस्सातली उत्तरं त्या मोठ्याने देतात. एरवी ज्या बाईला 'पाणी' म्हणता येत नाही ती प्रभूची प्रार्थना शेवटपर्यंत म्हणते. कशी ते डॉक्टर सांगतील. आणि पडद्यावर जे येतं ते तिचं चर्च आहे, जिथे तिचं लग्न लागलं ती वेदी आहे. टीव्हीवर दुसऱ्या चर्चची मिस्सा लावून बघितली, तिने तोंड फिरवलं.

फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद (मिस्सात देतात ती पवित्र भाकर) घेऊन येतात. बाकीच्या रविवारांचं काय करू ते तुम्ही सांगा.

वाडीवाला_वसई
वाक्य मागे घेतलं. चुकलंच. आजाऱ्यांबद्दल माझी हरकत कधीच नव्हती. लिंक फक्त अशा घरांना पाठवली तर? सगळ्या गावाला उघडी ठेवायची गरज काय?

सून_मर्सेस
म्हणजे सासू अजून आजारी आहे हे मी कुणाच्या ऑफिसात जाऊन सांगत राहू?

निवृत्त_कॅटेकिस्ट
भावनेपलीकडे थोडं बोलतो. व्हॅटिकनच्या उपासना विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांचं रोमहून आलेलं पत्र आठवतं का? १५ ऑगस्ट २०२० ची तारीख होती त्यावर. प्रक्षेपण कितीही चांगलं असो, प्रत्यक्ष सहभागाची जागा ते घेत नाही, शक्य होताच परत या, असा त्याचा आशय. पोप फ्रान्सिस तर एप्रिलमध्येच, सगळं बंद असताना, पडद्यावरच्या चर्चची सवय लागू देऊ नका म्हणून बजावत होते.

आणखी एक गोष्ट, जी आपण प्रवचनात फारशी ऐकत नाही. चर्चच्या कायद्यात कलम १२४८ आहे. गंभीर कारणाने मिस्साला जाणं अशक्य असेल तर काय करावं, ते त्यात दिलंय: एकट्याने, कुटुंबात किंवा जमलं तर कुटुंबांच्या गटाने प्रार्थनेत वेळ घालवावा. धागाकर्ते ज्या समूहांबद्दल बोलतायत ते तिथे आधीपासून आहेत. मुद्द्यात ते बरोबर आहेत, चपात्यांत चूक.

मर्सेसच्या ताई, ज्यांना येणं शक्यच नाही त्यांच्यावर रविवारचं बंधन मुळात नाही. तुमच्या सासूबाई काहीही चुकवत नाहीत.

सून_मर्सेस
बंधनाचं कोण बोलतंय, सर? त्यांना जायचंय.

दोहावाला
मी एरवी वाचून पुढे जातो. बाबा मे २०२१ मध्ये गेले. विमान मिळणं, चाचणी, विलगीकरण, सगळं धरून मी पोहोचलो असतो तर बाराव्याला. पुतण्याने सिमिटरीतून व्हिडिओ कॉल लावला. मी इथे खोलीत काळी पँट, पांढरा शर्ट घालून उभा होतो. पेटी खाली सोडताना फोन हलला आणि मला फक्त आभाळ दिसलं. मग पांढऱ्या किटमधला कुणीतरी एक फोनकडे बघून हात जोडून गेला. चेहरा दिसला नाही. आजही तो कोण होता ते मला माहीत नाही.

कॅमेरा बंद करा म्हणणाऱ्यांनी हे वाचावं एवढंच.

फावडं_आणि_दोर
मी असू शकतो. नसेनही. कोविडने गेलेल्यांचं दफन करणारे आम्ही सहा जण होतो आणि किटमध्ये सगळे सारखेच दिसायचो.

कॅमेऱ्याच्या वादात मला पडायचं नाही, पण समूहांनी जगवलं म्हणता तर त्या दोन उन्हाळ्यांचं सांगतो. सुरुवातीला भीती कोरोनाची कमी, लोकांची जास्त. मार्च २०२० च्या शेवटी मुंबईत पालिकेचं परिपत्रक निघालं की धर्म कुठलाही असो, कोविडने गेलेल्यांना जाळायचं. ते लगेच बदललं, पण आपल्याकडे म्हाताऱ्यांनी जो धसका घेतला तो घेतलाच. चेन्नईत कोविडने गेलेल्या एका डॉक्टरच्या दफनाला जमावाने दगड मारले. वांद्र्याच्या कबरस्तानावरून लोक हायकोर्टात गेले. कोर्टाने मे महिन्यात सांगितलं की दफनाने संसर्ग पसरतो याला आधार नाही, आणि याचिका फेटाळली. तिकडे केरळात आलप्पुळा धर्मप्रांताने उलटा मार्ग काढला: चर्चच्याच आवारात दहन आणि अस्थींचं दफन. १९६३ पासून चर्चची दहनाला हरकत नाही, हे मलाही तेव्हाच कळलं.

आमच्याकडे सिमिटरी खोलगट जागेत, खाली पाणी लवकर लागतं. किटमध्ये घाम बुटात साचायचा. वीस माणसांची परवानगी असली तरी कोविडच्या घरची माणसं स्वतःच विलगीकरणात, त्यामुळे कित्येकदा फादर, आम्ही आणि वेशीवर थांबलेला ॲम्ब्युलन्सवाला. एका आजीला पोचवायला तिचं कुणीच नव्हतं. आमच्यातल्या एकाने तिच्या नावाने मूठभर माती जास्त टाकली. तो हिंदू आहे, आमचा क्रिकेटमधला विकेटकीपर.

ती टीम अजून आहे. आता कुणाचं छप्पर उडालं, कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं झालं, तर त्याच ग्रुपवर मेसेज पडतो.

नगरकर
मी तुमच्या पंथाचा नाही, प्रोटेस्टंट. आमच्याकडे भांडण वेगळं झालं. काही मंडळ्यांत लोकांनी घरीच भाकर आणि द्राक्षरस समोर ठेवून झूमवर प्रभुभोजन घेतलं. आमच्या पाळकसाहेबांनी नकार दिला: थांबू, पण एकत्रच घेऊ. कित्येक महिने थांबलो. तेव्हा राग आला होता. परत पहिल्यांदा घेतलं तेव्हा हात थरथरत होते, त्या दिवसापासून राग नाही.

झूमवर भजन मात्र कुणी करू नये. पेटी एका ओळीवर, तबला दुसऱ्या, आणि एक काका कायम म्यूट.

गिरगावची
१८९६ च्या प्लेगमध्ये मोबाइल नव्हता. तेव्हा मुंबईच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिक लोकांच्या) वाड्यांत, गावठाणांत लोकांनी क्रूस उभारले. अजून रस्त्यात, गल्लीच्या तोंडाशी दिसतात. संध्याकाळी तिथे उघड्यावर लदीन (गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना) व्हायची. आजारी माणूस घरात, बाकीचे क्रुसाशी, आणि आवाज आतपर्यंत जायचा. तुमच्याकडेही प्रत्येक वाडीला क्रूस आहे ना?

वाडीवाला_वसई
आहे. मे महिन्यात रंग लावतो, माळा घालतो, जपमाळ होते. जून लागला की त्याच्यावर कावळे. शनिवारी संध्याकाळी तिथे जपमाळ सुरू करता येईल आणि ती वही पुन्हा काढता येईल. मर्सेसच्या ताई, तुमच्या घरापासून क्रूस किती लांब?

सून_मर्सेस
दोन घरं सोडून. खिडकी उघडली तर ऐकू येईल. या शनिवारी. पण रविवारचा मोबाइल मी सोडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

वाडीवाला_वसई
माझा ठराव मीही मागे घेत नाही. धडधाकट माणसांसाठी तो कॅमेरा पळवाट झालाय, हे माझं मत तसंच आहे.

कॅमेऱ्यामागचा
तुम्ही सगळे ज्या कॅमेऱ्यावर भांडताय तो चालवणारा मी. २०२० ला बारावीत होतो, तोवर आई ओढून न्यायची तेव्हाच चर्चला यायचो. या कामामुळे स्वतःहून यायला लागलो. वाईट एवढंच की दोन वर्षं मी एकही मिस्सा नीट केलेली नाही. अर्पणाच्या वेळी माझं लक्ष बॅटरीकडे. बघणाऱ्यांचा आकडाही मला दिसतो: सुरुवातीला बरेच असतात, शेवटच्या आशीर्वादापर्यंत बोटांवर मोजण्याइतके उरतात. त्यातलं एक घर मर्सेसचं, हे आज कळलं. आवाज बारीक येतो का? वेदीजवळचा माइक जरा पुढे घेतो.

आणि अंकल, ट्रायपॉडचा एक पाय मोडलाय, गेले तीन रविवार त्याखाली जुनी गीतपुस्तकं ठेवून चालवतोय. परिषदेचा निकाल लागेपर्यंत नवा घ्यायचा की नाही, तेवढं फादरना विचारून सांगा.