रविवारच्या नदीप्रेमींवर हसणाऱ्यांना उत्तर

रामनदीकाठचा
परवा इथंच एका सभासदाने लिहिलं, "बाटल्या भरून नदी वाचत नसते. टी-शर्ट, सेल्फी, वडापाव, टीडीएस मीटर, झालं यांचं विज्ञान." त्यावर +१ चा पाऊस. मी चार वर्षं पुण्यातल्या रामनदीवर पाणी तपासायला स्वयंसेवक गोळा करायची हमाली करतोय, त्यामुळे झोंबलं. उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

वडापावचं खरं आहे. पहिल्या रविवारी साठ जण आले, पावसाळ्यात सात उरले. टीडीएस मीटरचंही खरं आहे, तो फक्त पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. आमच्या बोअरचा टीडीएस नदीपेक्षा जास्त येतो, म्हणून काय बोअरमध्ये मैला आहे? मीटर कपाटात गेले.

पहिल्या वर्षीचे आकडे मी स्वतः फेकून दिले. कोणी सकाळी आठला पाणी घेई, कोणी जेवून एकला. एका पोराला भर दुपारी शेवाळलेल्या हिरव्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे ९ मिलिग्रॅम मिळाला. आंघोळीच्या पाण्याला ५ पुरतो! ग्रुपवर फुलं, 'नदी सुधारली'. अरे, उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. त्याच पुलाखाली पहाटे पाचला विंकलरची, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची बाटली भरली. पाण्यात ऑक्सिजन असला तर पहिल्या दोन रसायनांनंतर तपकिरी साका बसतो. आमचा पांढराशुभ्र, म्हणजे ऑक्सिजन शून्य.

तेव्हापासून एक माणूस, एक पूल, एकच वेळ. बाटलीत बुडबुडा दिसला की ती बाद. दर दहावी बाटली जोडीने, दोघांनी वेगवेगळी तपासायची. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस महिन्यातून एकदा येतो, आम्ही आठवड्यातून दोनदा, अंधारात. आता हसा.

बीओडी_बाबा
हसत नाही, पण नोकरीभर प्रयोगशाळेत काढल्यामुळे गप्पही बसवत नाही. जल कायदा १९७४, कलम २१ वाचा. नमुना घेताना कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस, त्याच्या समोर नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर सील आणि सह्या. यातलं काही चुकलं तर अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. तुमची बाटली कोर्टात म्हणजे नुसतं गढूळ पाणी.

रामनदीकाठचा
कुत्रं साक्ष द्यायला भुंकत नाही, बाबा. मालक जागा व्हावा म्हणून भुंकतं. आणि कायदा वाचायचाच तर कलम ४९ पण वाचा. साठ दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक तक्रार दाखल करू शकतो. कुठे, कधी बघायचं हे तरी कोणी सांगायचं?

मेरीलँडची_माई
आमच्याकडे अमेरिकेत ओढ्यातले किडे मोजणारे स्वयंसेवक आहेत. मीही जाते. गुडघाभर पाण्यात जाळी धरायची, दगड घासायचे आणि जाळीत आलेल्या अळ्या ओळखायच्या. मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं मिळाली तर पाणी बरं, नुसत्या लाल अळ्या मिळाल्या तर काही खरं नाही. बाटलीत त्या क्षणाचं पाणी येतं, किडा मात्र महिनोन् महिने तिथंच राहिलेला असतो. रसायनं सोडा, किडे मोजा.

चिंचवडचा_चिंट्या
तुमच्याकडे गुडघाभर पाण्यात उतरता येतं हो माई! आमच्याकडे उतरलं तर आधी धनुर्वाताचं इंजेक्शन. बाकी लाल अळ्या मोजायला अळ्या ओळखायची गरज नाही, दुसरं काही नसतंच.

कात्रजचा_कडू
सगळं छान. एकच विचारतो. हे जे पहाटे बाटल्या भरतात, त्यांच्या स्वतःच्या सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) चालू आहे का? आमच्या शेजारच्या टॉवरमधून रात्री सरळ नाल्यात सोडतात. तिथलेच दोघे रविवारी 'नदी वाचवा' टी-शर्टात.

अध्यक्ष_नाइलाजाने
सोसायटीचा विषय निघालाच आहे तर ऐका. बिल्डरने आम्हाला गंजलेले पंप आणि एक फाइल दिली. ऑपरेटर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चोवीस तास चालवला की विजेचं बिल बघून सभेत आरडाओरडा. तळमजल्यावरच्या आजींना वास येतो, त्यांचा मुलगा मला लिफ्टमध्ये गाठतो. टँकरवाल्याचे पैसे वेगळेच. मग आम्ही रात्री ११ ते ६ ब्लोअर बंद ठेवतो. केलं पाप. तुम्ही व्हा अध्यक्ष.

कात्रजचा_कडू
वा! कबुलीजबाब सही-शिक्क्यानिशी. जिमचे एसी बंद करा ना रात्री.

अध्यक्ष_नाइलाजाने
आमच्याकडे जिम नाही. माहिती नसताना बोलायची तुमची जुनी सवय आहे, पार्किंगच्या धाग्यावरही हेच केलं होतं.

कात्रजचा_कडू
पार्किंगच्या धाग्यावर मी बरोबर होतो.

बीओडी_बाबा
पार्किंग राहू द्या. टाकीतले मैला खाणारे जंतू हवेवर जगतात. सात तास हवा तोडलीत तर त्यांचे हाल होतात आणि सकाळी बटण दाबलं म्हणून ते लगेच कामाला लागत नाहीत. तुम्ही रात्रीची वीज वाचवता आणि दिवसाही मैलाच सोडता.

रामनदीकाठचा
अध्यक्षसाहेब, ११ ते ६ म्हणालात. माझा पांढरा साका पाचचा आहे. तुमची सोसायटी कुठल्या पुलाच्या वर, ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अध्यक्ष_नाइलाजाने
म्हणजे आता नदी मी मारली? एवढ्या टॉवरांमध्ये मीच सापडलो, कारण मी खरं बोललो. पुढच्या वेळी गप्प बसेन.

बीओडी_बाबा
अध्यक्षांची बाजू घ्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. रामनदीकाठचा, घाई करताय. शेवाळ रात्री ऑक्सिजन सोडत नाही, उलट खातं. पहाटेचा शून्य नुसत्या त्यानेही येऊ शकतो. सोसायटीचा नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला एक बाटली, खालच्या अंगाला एक, दोन्ही एकाच वेळी. ब्लोअर बंद ठेवून एक आठवडा, चालू ठेवून तीन आठवडे, जंतू सावरायला तेवढे लागतील. मग बोला. चार वर्षांत वरची बाटली एकदाही घेतली नाहीत ना?

रामनदीकाठचा
...नाही. वरच्या अंगाला कुत्री आहेत.

चिंचवडचा_चिंट्या
भुंकणारी की साक्ष देणारी?

अध्यक्ष_नाइलाजाने
तीन आठवडे रात्री ब्लोअर चालू ठेवतो. बिल मी सभेत मांडणार आणि या धाग्याचा दुवा देणार. शिव्या वाटून घेऊ.

रामनदीकाठचा
मान्य. या मंगळवारी पहाटे पावणेपाच, पुलाच्या पाषाणकडच्या टोकाला. बूट घालून या, चप्पल नको. बाबा, वरची बाटली तुम्ही भरा, कुत्री मी बघतो.

बीओडी_बाबा
येतो. टी-शर्ट घालणार नाही.