विषय: मुखत्यारपत्र भाच्याच्या नावाने, शुक्रवारच्या आत कळवा

संध्या (सध्या नागपूर):
प्रतापनगरच्या घराचं तुम्हाला माहीतच आहे. गिऱ्हाईक एकदाचं पक्कं झालं, इसारही घेतला. काल मुद्रांक ऑफिसात गेले तर नवीनच अडलं. ह्यांनी शिकागोहून पाठवलेलं मुखत्यारपत्र भाच्याच्या नावाने आहे. नोटरी, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला), सगळं केलेलं. तिथल्या बाई म्हणाल्या, भाचा यादीत बसत नाही, विक्रीचा अधिकार दिलाय तर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क भरा. 500 रुपयांचं काम लाखांवर गेलं. माझं परतीचं तिकीट 15 दिवसांवर आहे. काय करू?

रेखाताई:
कॉन्सुलेटचा शिक्का नाही म्हणून अडवलं असेल गं. आमच्या वेळी कॉन्सुलेटमध्येच जावं लागायचं.

वसंतकाका:
रेखा, शिक्क्याचा प्रश्नच नाही. अपोस्टिलच्या करारात भारत 2005 पासून आहे. संध्या, त्या बाई बरोबर सांगून राहिल्या. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचा अनुच्छेद 48 पाहा. मोबदला न घेता विक्रीचा अधिकार आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगी, नातवंडं किंवा सासू-सासरे, दीर, नणंद, मेहुणे, मेहुणी यांना दिला तर 500 रुपये. भाचा, पुतण्या, चुलतभाऊ, मित्र आला की खरेदीखताचा दर. कोजागिरीला मी हे सविस्तर सांगितलं होतं, तेव्हा अर्धे लोक मसाला दूध घ्यायला उठले. तुझ्या नावाने नवीन करून घे.

प्रशांत:
काका, ती 15 दिवसांनी इकडे शिकागोला परत येऊन राहिली, मग तिच्या नावाने करून काय होईल? आणि संध्याताई, कुरियरचं पाकीट फेकू नका. बाहेर सही झालेल्या कागदाला महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लागतो. बाबांनी आमचा कागद देवघराच्या खणात नीट ठेवला आणि विसरले. दंड भरला. कागद कधी पोचला हे दाखवायला पाकीटसुद्धा नव्हतं.

रेखाताई:
तीन नाही, चार महिने. आमच्या वकिलांनी चारच सांगितले होते.

वसंतकाका:
दोन्ही खरं. मुद्रांकाला तीन, कलम 18. परदेशात सही झालेला दस्त नोंदणीला सादर करायला भारतात पोचल्यापासून चार, तो नोंदणी अधिनियम, कलम 26. या दोन्हींची गल्लत करून लोक स्वतःचं नुकसान करतात.

आणखी एक वाट आहे. खरेदीखतावर सही शिकागोतच करायची आणि भाच्याला फक्त नोंदणीपुरता अधिकार द्यायचा. विक्रीचा अधिकार नसला की तो मोठा दर लागत नाही.

प्रशांत:
गिऱ्हाईक कर्ज काढत असेल तर आधी त्याच्या बँकेला विचारा. आमच्या गिऱ्हाईकाची बँक याला तयार होईना. महिना गेला, गिऱ्हाईकही गेलं.

मीनल:
मी दोन दिवस वाचते आहे, एक साधी गोष्ट विचारू? भाच्याची आई म्हणजे तुमच्या ह्यांची सख्खी बहीणच ना? बहीण यादीत आहे. कागद ताईंच्या नावाने करा, धावपळ भाचा करेल.

संध्या:
मीनल! हे कुणालाच सुचलं नाही. ताईंचे गुडघे दुखतात आणि निबंधक ऑफिस वरच्या मजल्यावर, म्हणून सुरुवातीपासून त्यांना बाजूला ठेवलं. आज विचारलं तर म्हणाल्या, एक दिवस चढेन, भावाचं काम आहे.

वसंतकाका:
उत्तम. जुनं मुखत्यारपत्र रद्द केल्याचंही लेखी करून घ्या. नवीन कागदात नाव आखीव पत्रिकेवर (जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आणि आखीव पत्रिकेवर सासऱ्यांचं नाव अजून असेल तर आधी वारसांचा फेरफार पाहा. माझ्या नझूलच्या (सरकारी जमिनीच्या) प्लॉटवर वडिलांचंच नाव राहिलं होतं. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि सौदा त्यावरच अडला.

संध्या:
फेरफार झालाय काका. ह्यांनी उद्याची नोटरी ठरवली, मग अपोस्टिल. शिकागोहून नागपूरला येत्या आठवड्यात कुणी येतंय का? आता कुरियरचा भरवसा नको वाटतो.

मीनल:
माझी बहीण पुढच्या गुरुवारी निघते, धरमपेठलाच उतरेल. अपोस्टिल तोवर हातात आलं तर कागद आमच्या घरी आणून द्या.

प्रशांत:
हाताने आणला तर पाकीट नसेल. तिचा बोर्डिंग पास कागदासोबत ठेवा.