शेवटच्या दिवसांतलं व्यक्तिचित्र: समोर बसून की जुन्या फोटोवरून?

रेघोटी

तेराव्याला भिंतीवर लागणारे बहुतेक चेहरे आधारकार्डावरून नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून ओढून मोठे केलेले असतात. गाल भरलेले, कातडी गुळगुळीत, मागे निळं आभाळ. माझं मत असं, की माणूस शुद्धीवर आहे, बोलतो आहे आणि हो म्हणतो आहे, तर चित्र समोर बसूनच काढावं. आणि आजार पुसू नये.

मांडणी आधी. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. चित्रकाराने खुर्चीत बसायचं आणि डोळे पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीला आणायचे. उभं राहून काढलं की वरून पाहिल्यासारखं चित्र येतं आणि माणूस आहे त्याहून केविलवाणा दिसतो. उजेड एकाच खिडकीचा, ट्यूबलाइट बंद. दोन बाजूंनी उजेड आला की कानशिलाचा खड्डा भरून निघतो, आणि या चेहऱ्यात सगळी घडण त्या खड्ड्यावरच उभी असते.

वेळ १५ मिनिटं, फार तर २०. पहिली तीनचार मिनिटं फक्त डोक्याचा कल आणि उशीची रेघ. डोकं उशीत किती रुतलंय ते चुकलं, तर पुढे कितीही घासा, डोकं हवेत तरंगतं. मग डोळ्यांच्या खोबण्या, कानशिलं, गालफडाखालची सावली, हे सगळं एकाच सपाट टोनमध्ये. तोंड सर्वांत शेवटी. बोलताना, डुलकी लागताना तेच सारखं बदलतं.

नेहमीची चूक म्हणजे पाठ झालेली प्रमाणं. वजन उतरलं तरी कवटी तेवढीच राहते. जातो तो कानशिलाचा स्नायू आणि डोळ्यांभोवतीची चरबी. म्हणून डोळा आत जातो, मोठा होत नाही. सवयीने तो मोठा काढला की चेहरा घाबरलेला दिसतो.

रंगाचं एक: सावळ्या चेहऱ्यावर रक्त कमी झाल्याचा फिकटपणा पांढरा नसतो, राखट असतो. पांढरा मिसळाल तर खडू फासल्यासारखं होईल. येलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएन्ना (तांबूस तपकिरी) यांच्यात थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) टाकून लाली मारायची. खरा फिकटपणा ओठांवर, खालच्या पापणीच्या आतल्या कडेला आणि नखांवर दिसतो. काविळीत डोळ्याच्या पांढऱ्या भागाला शुद्ध पिवळा लावू नका, रॉ सिएन्नाचा पातळ हात पुरतो. आणि हॉस्पिटलचा हिरवा पडदा गालावर हिरवट उजेड टाकतो. तो आजाराचा रंग समजून रंगवलेली चित्रं खूप आहेत. उशीवर घरचं जुनं धुवट लुगडं किंवा गोधडी टाकली की हा घोळ मिटतो.

आल्बमवाला

असहमत. तंत्र उत्तम सांगितलंत, पण मूळ मुद्दाच पटत नाही. व्यक्तिचित्र पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाचं असतं, शेवटच्या तीन महिन्यांचं नाही.

जुनं उदाहरण घ्या. १६१८ साली जहांगीराचा दरबारी इनायत खान अफू आणि दारूने इतका खंगला होता, की आग्र्याला जायची परवानगी मागायला त्याला पालखीतून आणावं लागलं. हाडांवर नुसती कातडी. बादशहा थक्क झाला आणि त्याने काय केलं, तर चित्रकारांना त्याचं चित्र काढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी इनायत खान गेला. रेखाटन आज बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे, रंगवलेलं चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. चित्र अप्रतिम, वादच नाही. पण परवानगी मागायला आलेला माणूस बादशहाच्या चित्रकारांना नाही म्हणू शकला असता का? उपचारांसाठी दुसऱ्यांवर अवलंबून असलेला पेशंटही तेवढाच अडलेला असतो.

फोटोवरून काम वाईट होतं ते फोटो वाईट निवडल्यामुळे. फ्लॅशचा फोटो घेऊ नका, नाकाची आणि भुवयांची सावलीच उडते. ओसरीतला, झाडाखालचा घ्या. एकावर भागवू नका, तीन कोनांतले तीन मागा. कान आणि नाकाचा पूल एकमेकांशी ताडून पाहता येतो. सेल्फी तर नकोच. हातभर अंतरावरून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. आज नवा फोटो काढायचाच असेल तर दोन मीटर मागे सरका, दुप्पट झूम करा आणि ब्यूटी फिल्टर बंद आहे ना ते बघा.

उशाशी

मी घरी जाऊन उपशामक सेवा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा, देणाऱ्यांपैकी. दोघांच्याही लिहिण्यात औषधाचं वेळापत्रक कुठेच नाही.

तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन अर्ध्या तासात लागू पडायला लागतं, तासाभरात पूर्ण चढतं आणि साधारण चार तास टिकतं. डोसच्या आधी गेलात तर वेदनेचा चेहरा मिळेल, अगदी लगेच गेलात तर अवघडलेला. डोसनंतर तासाभराने जा. पेंग नसेल तर काम करा, असेल तर परत या. या औषधाने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंधाऱ्या खोलीतही. चित्रकार आपल्या अंदाजाने त्या मोठ्या करतात आणि नजर दुसऱ्याच कुणाची होते.

बैठका दोनतीन असतील तर रोज एकच वेळ ठेवा. मूत्रपिंडाच्या आजारात सकाळी पापण्या सुजलेल्या असतात, संध्याकाळी उतरतात. स्टेरॉइड चालू असेल तर हातपाय काटक्या आणि चेहरा मात्र गोल. ते विसंगत दिसतं म्हणून गाल ‘दुरुस्त’ करू नका. कवळीबद्दल विचारा. ती काढली की नाक आणि हनुवटी जवळ येतात. बारीक झालेल्या हिरड्यांवर सैल कवळी घातली तर ओठ पुढे येऊन चेहरा आणखीच परका दिसतो. चष्मा, डोक्यावरचा पदर, टोपी, केमोनंतरचा रुमाल, हे सगळं ज्याचं त्याने ठरवायचं. बांगड्या कोपरापर्यंत घसरत असतील तर घसरू द्या.

संमती एकदा सही घेऊन संपत नाही. शुद्ध दिवसातून चारदा बदलते, म्हणून प्रत्येक बैठकीला पुन्हा विचारायचं. तेही घरचे खोलीत नसताना एकदा. थांबायची खूण आधी ठरवा. बोटं उचलली की पेन्सिल खाली. श्वास अडखळायला लागला, माणूस हाकेला उत्तर देईना, की चित्रकाराने निघायचं. त्या वेळेला संमती देणारं कुणी उरलेलं नसतं.

कोळसा आणि सॉफ्ट पेस्टल दम लागणाऱ्या माणसाजवळ नकोत, धूळ उडते. फिक्सेटिव्हचा (रेखाटन पुसू नये म्हणून मारायच्या द्रवाचा) फवारा तर घराबाहेर.

रेघोटी

संमतीचं मान्य, शंभर टक्के. वेळेचंही. आपल्याकडे व्यक्तिचित्राच्या जाहीर प्रात्यक्षिकांची सवय आहे, दोन तास मॉडेल समोर आणि शेवटी टाळ्या. तीच घाई पलंगाशी घेऊन जाणारे लोक आहेत, त्यांना आधी हे वाचायला द्यावं.

आल्बमवाले, तुम्ही जहांगीर आणलात, मी होडलर आणतो. स्विस चित्रकार फर्डिनांड होडलरने आपली जोडीदार व्हॅलेंटाइन गोदे-दारेल हिची कर्करोगातली चित्रं ती २५ जानेवारी १९१५ ला जाईपर्यंत काढली, आणि नंतरही. बाह्यरेषा तो काचेवर उतरवून घेई. चित्रं क्रमाने पाहिली की आधी उशीला टेकून बसलेली, मग कललेली, मग पूर्ण आडवी. एकेकटी पाहून हे समजत नाही. आल्बममधल्या तीन फोटोंतून ही गोष्ट कशी सांगाल?

आल्बमवाला

गोष्ट कुणाला सांगायची आहे, हाच तर प्रश्न. फ्रेंच चित्रकार मोनेने १८७९ मध्ये मृत्युशय्येवरच्या आपल्या बायकोला, कामीला रंगवलं. पुढे त्याने आपला मित्र, राजकारणी क्लेमांसो याला सांगितलं, की तिच्या चेहऱ्यावर निळा, पिवळा, करडा कसा उतरत चाललाय हे आपण नकळत टिपत बसलो होतो, आणि ते ध्यानात आल्यावर तो स्वतःच हादरला. नजरेला चटक लागते हो. तुमच्या ‘राखट, पांढरा नव्हे’ या परिच्छेदातही ती थोडी आहे, राग नसावा.

शिवाय घरात आजही जिवंत माणसाचं चित्र ‘त्यासाठी’ काढतात म्हटलं की म्हातारी माणसं घाबरतात. जितेपणी फोटोला हार घालण्यासारखंच वाटतं त्यांना.

तैलरंगी

चर्चा भलतीकडे जायच्या आत माध्यमाचं बोलतो. जलरंगात दुरुस्ती नाही, पेन्सिलीत रंग नाही. मला वाटतं, तैलरंगच. १२ बाय १६ इंचाचा बोर्ड, चेहरा हनुवटीपासून टाळूपर्यंत १५ ते १८ सेंटिमीटर. प्रत्यक्षापेक्षा मोठा झाला तर खोलीत राक्षसी वाटतो. येलो ऑकर, व्हर्मिलियन, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा, एवढे चार रंग पुरतात. काळ्यात पांढरा घातला की उबदार रंगांशेजारी तो निळाच दिसतो.

उशाशी

तैलरंग पातळ करायचं टर्पेंटाइन आणणार असाल तर दारातूनच परत पाठवीन! केमो चालू असलेल्या माणसाला त्या वासाने उलटी होते. आणि ऑक्सिजन चालू असेल तर धोका वेगळाच. टर्पेंटाइनची वाफ ३५ अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपली मे महिन्यातली खोली. जवसाच्या तेलाची बोळा केलेली फडकी आपोआपही पेटतात.

तैलरंगी

बरोबर. मग पाण्यात मिसळणारे तैलरंग घ्या, ब्रश साबणाने धुवा. किंवा समोर फक्त पेन्सिल आणि रंगांच्या नोंदी, आणि रंगवायचं काम घरी. नोंदी शब्दांत करा: ‘कपाळ गालापेक्षा एक पायरी उजळ, ओठ जांभळट’ अशा.

पाणीकम

पेन्सिल आणि तैलरंग या दोघांच्या मधलं एक, जलरंग. क्वार्टर इम्पीरियल कागद (साधारण ११ बाय १५ इंच), ३०० जीएसएम म्हणजे जाड, कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरखरीत. आधी एचबीने हलकं रेखाटन, मग दोनच हात: पहिला सगळीकडे उबदार, तो पूर्ण सुकल्यावर सावलीचा गार. तिसरा हात दिला की चिखल. बैठक १५ मिनिटांचीच असेल तर पहिला हात आज, दुसरा उद्या. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात कागद तासभर ओलाच राहतो, तिथे हेअर ड्रायरचा आवाज सहन होईल का ते आधी विचारा.

आणि कुणी बोललं नाही म्हणून: तैलरंग तेराव्यापर्यंत पक्के सुकत नाहीत. पांढऱ्याचा जाड थर तर नाहीच. अंगारा, हार, अगरबत्तीचा धूर, सगळं ओल्या रंगाला चिकटतं. घाई असेल तर अल्किड (लवकर सुकणारा तैलरंगासारखा रंग), ते एका दिवसात धरतं. जलरंग काचेत लावताना कागद आणि काच यांच्यात माउंटची (भोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी ठेवाच, नाहीतर बुरशी.

रेघोटी

नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीचं काय करता? मी शेवटी दोन हलक्या रेघांत काढायच्या मताचा.

आल्बमवाला

चित्रातून वगळा. नळी म्हणजे माणूस नव्हे.

रेघोटी

पण नळी वगळलीत तरी गालावरचा तिचा वळ आणि कानामागचं लाल ओरखडं राहतातच की. तेही पुसणार?

उशाशी

यावर घरच्यांची भांडणं होतात. सुनेला नळी नको असते, मुलाला हवी असते, आणि ज्याच्या नाकात आहे त्याला विचारायचं राहून जातं. दुसरं म्हणजे बऱ्याच जणांनी आठवडेच्या आठवडे आरसा पाहिलेला नसतो. तुमचा कागद हा त्यांना पहिला आरसा. बैठक चालू असताना तो त्यांच्याकडे वळवू नका. ‘बघायचंय का?’ एवढंच विचारा. नको म्हणाले तर पालथा घालून बॅगेत, आणि जाताना बाहेर बसलेल्यांनाही दाखवायचा नाही.

आल्बमवाला

हे मात्र लिहून ठेवतो. वळाबद्दल माझं मत अजून तेच.